आवाज फाटण्याआधी

शूटिंगच्या सेटवर साऊंड रेकॉर्डिस्टला दोन तऱ्हेचे दणके बसतात. काही पटकथेत लिहिलेले असतात: किंकाळी, थप्पड, आपटलेलं दार, झाडलेली गोळी. काही बाहेरून येतात: कुकरची शिट्टी, ट्रकचा हॉर्न, वरातीतली फटाक्यांची माळ, डोक्यावरून जाणारं विमान. दोन्हींना सेटवर सरसकट ‘अचानक आला’ म्हणतात. माझा अनुभव असा, की यातले बहुतेक आवाज आधी विचारलं असतं तर कळले असते. जे खरोखर न सांगता येतात ते थोडे असतात, आणि त्यांच्यासाठीही तयारी करता येते. हे काम शिकणाऱ्या मुलामुलींना मी जे सांगत असतो ते इथे क्रमाने मांडतो.

१. पटकथा कानांनी वाचावी

कॅमेरामन पटकथेत दिवस आहे की रात्र ते बघतो. आपण क्रियापदं बघावीत. ‘ओरडते’, ‘ताट भिरकावतो’, ‘कानाखाली वाजवतो’ असं जिथे जिथे आहे तिथे पेन्सिलने खूण करायची आणि प्रत्येक खुणेपुढे एक प्रश्न लिहायचा: हा आवाज इथे खरा हवा आहे, की नंतर लावता येईल? ताट भिरकावलेलं फक्त वाइडमध्ये दिसणार असेल, तर क्लोजअपच्या वेळी ते खाली अंथरलेल्या गादीवर पडू द्यावं. आदळण्याचा आवाज वाइडमधून घेता येतो किंवा तेच ताट त्याच फरशीवर वेगळं आपटून रेकॉर्ड करता येतो. नटीचं वाक्य मात्र त्या खणखणाटाखाली गाडलं गेलं, तर ते वेगळं काढता येत नाही.

थप्पड खरी मारायची की खोटी, हे नटांना टेकआधी विचारून घ्यावं. बऱ्याचदा ते दोघं आपापसात ‘खरीच मार’ असं ठरवून टाकतात आणि बाकी कुणाला सांगत नाहीत.

२. तालमीतल्या आवाजावर विसंबू नये

चांगला नट तालमीत आवाज राखून ठेवतो, आणि त्याने तो राखावाच. त्यामुळे तालमीत पुटपुटत म्हटलेलं वाक्य टेकमध्ये कितीतरी पटींनी मोठं येतं. लेव्हल तालमीवर लावून ठेवणारा माणूस पहिल्याच किंकाळीला फसतो.

उपाय सोपा आहे, फक्त विचारायचा संकोच वाटता कामा नये. लेपल, म्हणजे कपड्यात लपवायचा छोटा माइक, लावताना हळूच म्हणावं, “ताई, ती शेवटची ओळ एकदा पूर्ण जोरात म्हणून दाखवाल का? भावना नको, नुसता आवाज द्या.” आजवर कुणी नाही म्हटल्याचं आठवत नाही. ज्येष्ठ नट तर आपणहून सांगतात, “इथे मी चढणार आहे हं, सांभाळा.” तसं सांगण्याइतका विश्वास वाटावा, म्हणून सकाळी नमस्कार करताना दोन शब्द जास्त बोलावेत.

३. वर मोकळी जागा ठेवावी

दूध तापवताना आपण पातेलं काठोकाठ भरत नाही. लेव्हलचंही तसंच आहे. डिजिटल मुद्रणात शून्य ही शेवटची रेघ आहे. तिच्या वर जागाच नसल्याने तिथे पोचलेली लहर माथ्यावर सपाट कापली जाते, आणि कानाला ते ‘फाटलं’ म्हणून ऐकू येतं. नाग्रा या टेप रेकॉर्डरवर रेकॉर्डिंग व्हायचं तेव्हा आवाज जास्त झाला तर टेप हळूहळू भरत जायची, थोडी माफी मिळायची. डिजिटलमध्ये ती माफी नाही.

म्हणून साधं बोलणं मी उणे वीस डेसिबलच्या आसपास ठेवतो आणि त्यातले उंचवटे उणे बारा-दहाच्या वर जाऊ देत नाही. नव्या मुलांना भीती वाटते, की इतकं खाली रेकॉर्ड केलं तर सरसर येईल. चोवीस बिटांच्या मुद्रणाचा पल्ला कागदावर १४४ डेसिबलचा आहे. प्रत्यक्षात यंत्रं त्याहून कमी देतात, तरीही खाली भरपूर जागा उरते. जी सरसर ऐकू येते ती बहुधा खोलीतल्या पंख्याची आणि बाहेरच्या जनरेटरची असते. हळू रेकॉर्ड झालेलं वाक्य नंतर वर उचलता येतं, फाटलेलं शिवायला मात्र फार कष्ट पडतात आणि शिवण दिसते.

४. नेमकं कुठे फाटतंय ते शोधावं

माइकपासून फाइलपर्यंत आवाज अनेक दारांतून जातो: माइकची पडदी, माइकमधलं इलेक्ट्रॉनिक्स, वायरलेसचा ट्रान्समीटर, रेकॉर्डरचा प्रीॲम्प, मग डिजिटलमध्ये रूपांतर. यातल्या कुठल्याही दारात तो फाटू शकतो, आणि एकदा फाटला की पुढचं दार त्याला सरळ करत नाही. प्रीॲम्पमध्ये फाटलेला आवाज फेडर खाली ओढून फक्त हळू होतो, तो फाटलेलाच राहतो. लेपलचं तर हमखास असं होतं. ट्रान्समीटरवरचा गेन चढा असतो, आणि रेकॉर्डरचा काटा मात्र निर्धास्त दिसतो.

२०१९ मध्ये झूम एफ६ आणि साऊंड डिव्हायसेसच्या मिक्सप्रीच्या दुसऱ्या पिढीतून बत्तीस बिट फ्लोट मुद्रण छोट्या रेकॉर्डरमध्ये आलं. त्या फाइलचा पल्ला कागदावर दीड हजार डेसिबलच्या वर जातो. त्यामुळे ‘आता लेव्हल बघायलाच नको’ असं ऐकू येऊ लागलं. ही सोय मोठी आहे, मीही वापरतो. पण फाइलची मर्यादा गेली म्हणून माइकची मर्यादा जात नाही. सेटवर जागोजागी दिसणारा सेनहायझरचा एमकेएच ४१६ सुमारे १३० डेसिबलच्या दाबापर्यंत टिकतो. त्यापुढे माइकच्या आतच आवाज फाटतो, आणि बत्तीस बिटांची फाइल तो फाटका आवाज इमानेइतबारे जपून ठेवते.

५. दोन ट्रॅक ठेवावेत, लिमिटरवर जगू नये

कुजबुजीतून थेट किंकाळीत जाणारं दृश्य सगळ्यांत अवघड. एका हाताने कुजबुज उचलायची आणि दुसऱ्याच क्षणी किंकाळी दाबायची, हे माणसाच्या हाताला वेळेत जमत नाही. अशा वेळी एकाच माइकचे दोन ट्रॅक करावेत. एक नेहमीच्या लेव्हलचा, दुसरा दहा-बारा डेसिबल खाली. मात्र दोन्हींचे गेन प्रीॲम्पपाशीच वेगळे हवेत. पुढे जाऊन फेडरवर फरक केला, तर वर सांगितलेलाच प्रकार होतो. एडिटरला कुजबुज पहिल्या ट्रॅकवरून मिळते, किंकाळी दुसऱ्यावरून.

लिमिटर चालू असावा, पण तो क्वचित लागला पाहिजे. सारखा लागत असेल तर गेन चुकला आहे असं समजावं. त्याची आणखी एक खोड आहे. दणका दाबल्यावर तो सुटायला थोडा वेळ घेतो, आणि थपडेनंतर येणारं हळवं ‘का?’ नेमकं त्या वेळात बुडतं. प्रेक्षकाला थप्पड आठवत नाही, ते ‘का?’ आठवतं.

६. बूम धरणाऱ्याचे डोळे हीच पहिली सूचना

यंत्राला दणका आल्यावर कळतं. बूम धरणाऱ्याला तो येण्याआधी कळू शकतं, कारण ओरडण्याआधी माणूस श्वास घेतो. खांदे उचलतात, छाती भरते, हनुवटी किंचित वर जाते. हे बघणारा बूमवाला तेवढ्यात माइक मागे घेतो किंवा थोडा तिरपा करतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की लेव्हल सहा डेसिबलने उतरते, हे गणित. अर्ध्या मीटरवरचा माइक एक मीटरवर नेला की तेवढा दिलासा मिळाला. खोलीत भिंतींमुळे थोडा कमी मिळतो, पण मिळतो.

म्हणून बूमवाल्याला संवाद पाठ हवेत. त्याच्या हातात पटकथेची पानं वेळेवर पोचतात की नाही, हे बघणं रेकॉर्डिस्टचं काम. ‘दादा, बूम वर घ्या’ एवढ्यापुरतंच त्याला ओळखणाऱ्या युनिटला त्याचं मोल कळत नाही, पण आपल्याला कळलं पाहिजे.

आणि हो, सेटवर दर टेकला न चुकता येणारा दणका क्लॅपचा. क्लोजअपमध्ये पाटी नटाच्या तोंडापाशी आणि माइकच्या नाकाखाली वाजते. क्लॅप देणाऱ्या मुलाला ‘हळू’ म्हणून सांगून ठेवावं. दोन फळ्या नुसत्या टेकल्या तरी काम होतं.

७. बंदुकीच्या दृश्यात आधी कान, मग माइक

खोट्या काडतुसाचाही आवाज जवळून १४० डेसिबलच्या वर जाऊ शकतो. एवढा दाब एकदाच बसला तरी कानाला कायमची इजा होऊ शकते. कानात एक चिमुकला स्नायू असतो, मोठा आवाज आला की तो आखडतो आणि आतल्या भागाचं थोडं रक्षण करतो. पण त्याला आखडायला लागणाऱ्या वेळात गोळीचा आवाज येऊन गेलेला असतो. म्हणून किती गोळ्या, कुठून, कितव्या वाक्यानंतर, हे टेकआधी सगळ्या युनिटला ऐकू जाईल असं जाहीर झाल्याशिवाय मी रोल करत नाही. कानात घालायचे बोळे नटांना, लाइट दादांना, स्पॉट दादांना, ज्युनियर आर्टिस्टना, सगळ्यांना मिळाले पाहिजेत.

त्या टेकमध्ये गोळीचा ‘भारी’ आवाज मिळवायची हौस सोडावी. आपल्याला संवाद हवा आहे. गोळी नंतर साऊंड डिझायनर लावतो. सेटवरची खरीच हवी असेल तर संवादाशिवाय वेगळी झाडून, माइक दूर ठेवून, शक्य असेल तर शुअर एसएम ५७ सारखा दणकट डायनॅमिक माइक लावून घ्यावी.

अलीकडे नुसती खोटी बंदूक वापरून धूर आणि ज्वाळा कॉम्प्युटरवर घालतात. तेव्हा दुसरीच पंचाईत होते. नटांनी दचकावं म्हणून एखादा असिस्टंट मोठ्याने ‘ठो!’ ओरडतो, आणि ते ‘ठो’ बरोबर संवादावर पडतं. त्याऐवजी हाताची किंवा टॉर्चची खूण ठरवून घ्यावी. दचकणं हे नटाचं कौशल्य आहे, ते खुणेवरही होतं.

८. हेडफोन हे दुधारी हत्यार

आपण दिवसभर हेडफोनमधून बाहेरच्या जगापेक्षा मोठ्या आवाजात ऐकत असतो, ही या धंद्यातली सगळ्यांत न बोलली जाणारी गोष्ट. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेची शिफारस अशी: ८५ डेसिबल असेल तर आठ तास, ८८ ला चार तास, ९१ ला दोन. दर तीन डेसिबलला मुदत निम्मी. बारा-बारा तासांच्या शिफ्टमध्ये हे गणित विसरणं परवडत नाही. हेडफोनचा आवाज सकाळी एकदा बेताचा ठरवावा आणि हळू दृश्य आलं म्हणून वाढवू नये. कुजबुज ऐकायला वाढवलेला आवाज कमी करायचं राहून जातं, आणि पुढच्या दृश्यात कुणीतरी दार आपटतं.

रेकॉर्डरमध्ये हेडफोनसाठी लिमिटर असेल तर तो चालू ठेवावा. माइकची वायर लावताना-काढताना आणि लेपल कपड्याखाली सरकवताना चॅनल बंद करावा, कारण तोच आवाज दिग्दर्शकाच्या आणि कंटिन्युइटी बघणाऱ्या ताईंच्या कानातही जातो. कान वाजू लागले आणि रात्रीच्या झोपेनंतरही थांबले नाहीत, तर कानाच्या डॉक्टरांकडे जावं. लेन्सला ओरखडा गेला तर दुसरी भाड्याने मिळते.

९. जागा शूटिंगच्या वेळेलाच बघावी

‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. आपला हा पहिला बोलपट. त्याचं बरंचसं चित्रण मध्यरात्रीनंतर झालं, कारण स्टुडिओ रेल्वे रुळांच्या शेजारी होता आणि गाड्या थांबल्याशिवाय माइक लावण्यात अर्थ नव्हता. म्हणजे हे दुखणं आपल्या बोलपटाइतकंच जुनं आहे, आणि त्यावरचं पहिलं औषध म्हणजे वेळापत्रक.

रेकीला सगळे दुपारी जातात, जेवून परततात. आपण शूटिंग ज्या वेळी असेल त्या वेळी जावं आणि अर्धा तास नुसतं उभं राहावं. चाळीत पाणी किती वाजता येतं, त्याबरोबर बादल्या किती वाजता आदळतात, कुकर किती वाजता लागतात. वाई-मेणवलीच्या बाजूला किंवा कोल्हापूरकडे शूटिंग असेल तर विचारावं: आठवडी बाजार कोणत्या वारी? जवळच्या साखर कारखान्याचा भोंगा कधी होतो? एसटीचा थांबा कुठे? कुणाच्या विहिरीचं काम चालू आहे का, सुरुंग लावतात का? लग्नाची तिथी आहे का? हे सगळं एका चहाच्या टपरीवर कळतं. गोरेगावच्या चित्रनगरीत सेट बंदिस्त असला तरी शेजारच्या सेटवर काय चाललंय ते विचारून यावं. तिकडे लग्नाचं गाणं असेल तर इकडे मरणाचं दृश्य जेवणानंतर लावलेलं बरं.

ही माहिती गोळा करून सकाळीच असिस्टंट डायरेक्टरला द्यावी. “साडेदहा ते अकरा शाळेची सुट्टी आहे, तेव्हा बिनसंवादाचे शॉट घेता येतील का?” असं विचारलं की तो ऐकतो. साडेदहाला तक्रार केली तर कुणीच ऐकत नाही.

१०. शेजाऱ्यांशी आधी बोलावं

टेकआधी शांतता करायच्या वेळी प्रॉडक्शनचा मुलगा गल्लीत ‘ए आवाज बंद!’ ओरडत फिरतो. त्यानंतर जो हॉर्न वाजतो तो पुष्कळदा मुद्दाम वाजवलेला असतो. रस्ता त्यांचा आहे, आपण पाहुणे आहोत. सकाळी शेजारच्या घरी जाऊन “काकू, आज आमच्यामुळे त्रास होणार आहे. कुकर लावताना फक्त खिडकीतून हाक माराल का?” एवढं म्हटलं तर काकू स्वतः इतर तीन घरं सांभाळतात. शिट्ट्या होऊ द्याव्यात, तेवढ्या वेळात आपलं लाइटिंग बदलून होतं. पोरं क्रिकेट खेळत असतील तर त्यांना हेडफोन लावून दोन मिनिटं ऐकू द्यावं. त्यानंतर तीच पोरं येणाऱ्या-जाणाऱ्यांना गप्प बसवतात.

सेटवरच्या लोकांनाही हे लागू. आपल्याकडे कित्येक दशकं संवाद नंतर स्टुडिओत डब व्हायचे, सेटवरचा आवाज नुसता पायलट, म्हणजे डबिंगला आधार म्हणून, असायचा. त्यामुळे टेकमध्ये बोलण्याची, सामान ठेवण्याची सवय जुन्या मंडळींच्या अंगात आहे. ‘लगान’पासून (२००१) मोठ्या चित्रपटांत थेट मुद्रण रुजत गेलं, तरी सवयी हळूहळूच बदलतात. स्टँड ठेवताना ‘ठक्क’ झालं म्हणून लाइट दादांवर ओरडण्यात अर्थ नाही. टेकनंतर त्यांना तो आवाज ऐकवावा, पुढच्या वेळी ते स्वतःच जपतात.

११. आवाज आलाच, तर गप्प राहावं

टेक चालू असताना हॉर्न वाजला, तर हेडफोन काढून मान हलवू नये, तोंडाने ‘च्च’ करू नये, आणि ‘कट’ तर कधीच म्हणू नये. तो अधिकार दिग्दर्शकाचा. नट रंगात असेल तर पुढचं दीड मिनिट सोन्यासारखं येऊ शकतं. आपण फक्त टाइमकोड आणि शब्द लिहून घ्यावा: ‘“परत येऊ नकोस”मधल्या “नकोस”वर ट्रकचा हॉर्न.’ दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आवाज पडला असेल तर तो काढता येतो. शब्दावर पडला तर दुसऱ्या टेकमधला तोच शब्द आणता येतो का ते बघायचं.

कट झाल्यावर लगेच, नट जागचा हलण्याआधी, त्याच माइकवर तेवढंच वाक्य दोन-तीनदा वाइल्ड, म्हणजे कॅमेऱ्याशिवाय, घ्यावं. भावना ताजी असते, श्वास तोच असतो, खोली तीच असते. दोन महिन्यांनी डबिंग स्टुडिओत यातलं काहीच मिळत नाही. त्यानंतर अर्धा-एक मिनिट नुसत्या खोलीचा आवाज घ्यावा. काढून टाकलेल्या हॉर्नच्या जागी भरायला एडिटरला तोच लागतो. विमान गेलंच असेल तर ते पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्ड करून ठेवावं. कटच्या दोन बाजू जुळवायला तेही उपयोगी पडतं.

१२. ‘वन मोअर फॉर साऊंड’ जपून वापरावं

सेटवर साऊंडसाठी आणखी एक टेक मागण्याची पत प्रत्येकाला मोजकीच मिळते. कावळा ओरडला म्हणून ती खर्च केली, तर विहिरीत सुरुंग उडाल्यावर हात रिकामे असतात. मी मनाशी तीन प्रश्न विचारतो. हा आवाज शब्दावर पडला का? दुसऱ्या टेकमध्ये किंवा वाइल्डमध्ये तो शब्द स्वच्छ आहे का? आणि या दृश्याच्या जगात हा आवाज शोभतो का? चाळीतल्या दृश्यात दूरवर कुकर वाजला तर ती चाळच आहे. पेशवाईतल्या वाड्यात वाजला तर अडचण आहे.

तिन्ही उत्तरं विरोधात गेली, तर मात्र टेक मागावाच, आणि एका वाक्यात कारण सांगून मागावा: “सर, ‘नकोस’ गेलं, आणि दुसरीकडे कुठेही नाही.” दिग्दर्शकाला डेसिबल सांगू नयेत, कोणता शब्द गेला ते सांगावं. तो शब्द त्याने लिहून घेतलेला असतो, त्याच्यासाठी भांडलेला असतो. तो नसेल तर चित्रपटाचं काय होईल हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. आणि तरीही तो ‘पुढे जाऊ’ म्हणाला, तर रिपोर्टात नोंद करून हसतमुखाने पुढच्या शॉटचे लेपल लावायला घ्यावेत.